रांजणाखालचे गाढव

पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने आपल्या औषधिग्रंथात पाण्याच्या रांजणांखाली सापडणाऱ्या एका जीवाची नोंद केली आहे. त्याला पाय पुष्कळ. हात लावला की तो अंग मुडपून गोल होतो. आणि लोक त्याला 'गाढव' म्हणतात. काविळीवर, तसेच लघवी अडल्यास, तो द्राक्षमद्यातून घ्यावा असे वैद्यराज सांगतात. आमचे लक्ष औषधाकडे न जाता पत्त्याकडे गेले. रांजणाखाली! ज्यांच्या घरी पडवीत माठ किंवा न्हाणीत दगडी डोण होती त्यांना हा पत्ता समजावून सांगावा लागणार नाही. भांडे हलवले की खालच्या ओल्या मातीतले करडे, अंगावर खवल्यांचे थर ल्यालेले आठ-दहा जीव उजेडाने गोंधळून पळत सुटतात. त्यांतला एखादा पळत नाही, मिरीच्या दाण्याएवढी गोळी होऊन पडून राहतो. दोन हजार वर्षांत त्यांनी घर बदललेले नाही.

इंग्रजीत याला वुडलाऊस, म्हणजे लाकडातली ऊ, म्हणतात. प्राणिशास्त्र त्याला आयसोपोडा या गणात घालते. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'सारख्या पायांचे', तेव्हा मराठीत आपण त्याला समपाद म्हणू. उवेशी त्याचा काहीही संबंध नाही. तो कीटकच नव्हे. तो झिंगे आणि खेकडे यांच्या भाऊबंदांतला, समुद्र सोडून जमिनीवर बिऱ्हाड केलेला. पण समुद्र पुरता सुटलेला नाही. मादी पोटाखालच्या द्रवाने भरलेल्या पिशवीत अंडी वागवते, म्हणजे थोडे पाणी बरोबर घेऊनच हिंडते. श्वासासाठी पोटाच्या मागच्या भागात पानांसारखे अवयव असतात आणि ते ओलसर राहावे लागतात. रांजणाच्या पत्त्याचे कारण हे.

असा हा जीव गेल्या काही दशकांत युरोप, अमेरिका आणि जपान येथील घरांत मुद्दाम, पैसे मोजून, डब्यांत पाळला जाऊ लागला आहे. त्याला दोन कामे दिलेली असतात. बेडूक, पाली, साप यांच्या काचेच्या घरातली विष्ठा, कुजलेली पाने आणि बुरशी खाऊन ते घर स्वच्छ ठेवणे हे पहिले. आणि त्याच बेडकाने खाऊन टाकणे हे दुसरे. या दोन कामांपर्यंत तो कसा येऊन पोहोचला, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय. विषय साहित्याबाहेरचा वाटेल. पण जसजसे आम्ही त्यात शिरलो तसतसे ध्यानात आले की हा इतिहास प्राण्याचा जेवढा आहे तेवढाच शब्दांचा आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करू. १७५८ मध्ये लिनियसच्या ग्रंथात या कुळातल्या एका जातीला नाव मिळाले, 'ओनिस्कस अ‍ॅसेलस'. पहिला शब्द मूळचा ग्रीक, दुसरा लॅटिन, आणि दोहोंचा अर्थ एकच: लहानसे गाढव. दोन अभिजात भाषांत मिळून एका प्राण्याला दोनदा गाढव म्हटल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला आठवत नाही. दुसऱ्या प्रजातीचे नाव 'पोर्सेलिओ'; त्यात डुकराचे पिल्लू आहे. इंग्लंडच्या बोलीभाषांत तर त्याला चगी पिग, चीझलॉग, ग्रॅनी ग्रे, स्लेटर अशी कितीतरी नावे आहेत. त्यांत डुकरे आहेत, चीजचे ओंडके आहेत, करड्या आज्या आहेत. ज्याच्याकडे कोणी नीट पाहिले नाही त्यालाच इतकी नावे मिळतात, की ज्याला सगळ्यांनी पाहिले त्याला? आमचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

नीट पाहणारा माणूस मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस आला, आणि त्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगायला हवी. प्येर आंद्रे लात्रेय १७६२ मध्ये फ्रान्समधील ब्रीव्ह येथे जन्मला. आईबापांनी त्याला आपले म्हटले नाही. इतरांच्या आधारावर तो वाढला, शिकला, धर्मोपदेशक झाला. त्याचा जीव मात्र किड्यांत रमलेला. पुढे राज्यक्रांती झाली. नव्या राज्यव्यवस्थेशी निष्ठेची शपथ न घेणाऱ्या धर्मोपदेशकांची धरपकड सुरू झाली आणि १७९३ मध्ये लात्रेय बोर्दो येथे बंदिवासात पडला. पुढे काय वाढून ठेवले होते हे आत असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

त्या कोठडीतल्या एका आजारी वृद्ध बिशपला तपासायला वैद्य आला, तेव्हा त्याला एक कैदी जमिनीवरच्या एका भुंगेऱ्याकडे टक लावून पाहताना दिसला. विचारल्यावर कैदी म्हणाला, हा दुर्मीळ आहे. वैद्याने तो किडा उचलून आपल्या ओळखीच्या एका मुलाकडे नेला. मुलाचे वय पंधरा, नाव बोरी द सें-व्हेंसां. पुढे तोही नामवंत निसर्गशास्त्रज्ञ झाला. त्या पोराला लात्रेयचे काम माहीत होते. त्याने खटपट केली, आणि लात्रेय सुटला. मागे राहिलेले सोबती वाचले नाहीत, असे त्याची चरित्रे सांगतात. तो किडा होता 'नेक्रोबिया रुफिकॉलिस'. वाळलेल्या मांसावर, मेलेल्या जनावरांवर जगणारा. लात्रेय १८३३ मध्ये पॅरिसमध्ये वारला, तेव्हा पेर लाशेझच्या दफनभूमीतील त्याच्या स्मारकावर त्या भुंगेऱ्याला स्थान मिळाले, तेही 'तारणहार' म्हणून.

सुटकेनंतर या माणसाने काय केले? कवचधारी प्राणी आणि कीटक यांवर १८०२ ते १८०५ या काळात चौदा खंड लिहिले. आज पाळीव डब्यांत सर्वाधिक दिसणारे जे समपाद आहेत त्यांतील तिघांना, म्हणजे खरखरीत पाठीचा 'पोर्सेलिओ स्केबर', गुळगुळीत पाठीचा 'पोर्सेलिओ लीव्हिस' आणि गोळी होणारा 'आर्माडिलिडियम व्हल्गेर' यांना, त्यानेच १८०४ मध्ये जातिनाम दिले. 'आयसोपोडा' हे गणनामही त्याचेच. मेलेल्यावर जगणाऱ्या एका जीवाने वाचवलेल्या माणसाने कुजलेल्यावर जगणाऱ्या दुसऱ्या जीवांना शास्त्रात जागा दिली. ही जुळणी इतिहासाने केलेली नसून आम्ही केलेली आहे, हे मान्य आहे. तरी ती सोडवत नाही.

औषधाची गोष्ट दरम्यान चालूच होती. सतराव्या-अठराव्या शतकांत लंडनच्या अधिकृत औषधिसंग्रहात 'मिलेपीडे' या नावाने हे जीव होते. मद्यार्काच्या वाफेवर मारून, वाळवून त्यांची पूड करत. काही लोक ते जिवंतही गिळत. आकार मुळातच गोळीचा, त्यामुळे औषध बनवणाऱ्याचे काम अर्धे झालेले. या वेडाला थोडा आधारही आहे: त्यांच्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट असते आणि ते पोटातले आम्ल शमवते. 'मिलेपीडे' या नावाने मात्र एक गोंधळ मागे ठेवला. आपल्याकडे ज्याला वाणी किंवा पैसा म्हणतात तो सहस्रपाद वेगळा आणि हा वेगळा. सह्याद्रीत तर आर्थोस्फिरा नावाचे सहस्रपाद आहेत, ते समपादासारखीच, पण चांगली सुपारीएवढी गोळी करतात आणि भल्याभल्यांना फसवतात. पाय मोजावेत. समपादाला सात जोड्या, सहस्रपादाला वीसहून अधिक.

घरात काचेच्या आत निसर्ग ठेवण्याची कल्पना लंडनच्या नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टरची मानली जाते. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली झाकली. पतंगाचे काय झाले ते गौण ठरले, कारण मातीतून नेचे आणि गवत उगवले. लंडनच्या धुरकट हवेत जे नेचे त्याच्या बागेत जगत नव्हते ते झाकलेल्या बाटलीत सुखाने वाढले: आतले पाणी आतच वाफ होई आणि आतच ठिबके. १८३३ मध्ये त्याच्या दोन पेट्या बोटीने सिडनीला गेल्या आणि झाडे जिवंत पोहोचली. १८४२ मध्ये त्याचे पुस्तक आले. पुढच्याच दशकात रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपे अशाच पेट्यांतून भारतात आणली आणि ती हिमालयाच्या उतारावर लागली. आपल्या सकाळच्या कपाचा या बाटलीशी असा संबंध आहे.

झाडाबरोबर माती जाते, आणि मातीबरोबर तिचे रहिवासी. उत्तर अमेरिकेत आज बागोबागी दिसणारे समपाद मूळचे युरोपातले. कोणी त्यांना बोलावले नव्हते. जपानमधला गोळी होणारा समपादही परका, मेइजी काळात आलेला. आज तो तिथल्या बालवाडीतल्या मुलांचा सर्वांत आवडता 'दांगोमुशी' आहे, आणि २०१८ मध्ये बान्दाई कंपनीने त्याचे गोळी होणारे मोठे खेळणेही बाजारात आणले. 'ट्रायकोरायना टोमेंटोसा' ही पांढरी, तांदळाच्या कणीएवढी जात दक्षिण अमेरिकेतली, पण युरोपातल्या उबदार काचघरांत तिने केव्हाच ठाण मांडले. तिच्यात नरांची गरज पडत नाही. माद्या एकट्याच प्रजा वाढवतात. एक मादी, एक कुंडी, आणि वसाहत उभी. भारतातल्या जमिनीवरच्या समपादांवर वॉल्टर कॉलिंज याने १९१४ पासून 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्यूझियम'मध्ये लेख लिहिले; म्हणजे आपल्या रांजणाखालची शिरगणतीही शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेली आहे.

विसाव्या शतकात तो प्रयोगशाळेत गेला. दोन प्रयोगांचा उल्लेख पुरे. गन याने १९३७ मध्ये 'पोर्सेलिओ स्केबर' ओल्या आणि कोरड्या हवेत कसा वागतो ते मोजले. अर्धी ओली, अर्धी कोरडी पेटी घ्या. काही वेळाने सगळे ओल्या बाजूला. त्यांनी ओल निवडली असे आपण म्हणतो. गनच्या निरीक्षणाप्रमाणे कोरड्या हवेत ते भराभर चालतात आणि ओल्या हवेत मंदावतात, थांबतात. जिथे थांबतात तिथे गर्दी होते, इतकेच. निवड नावाची गोष्ट प्राण्याच्या आत असल्याचे गृहीत धरण्याची गरज पडत नाही. पात्रांच्या हेतूंवर पानेच्या पाने खर्च करणाऱ्या आम्हां समीक्षकांना हा प्रयोग वर्षातून एकदा दाखवावा.

दुसरे काम व्हीझर याचे, १९६६ चे. या प्राण्याच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य तांब्यावर चालते, आणि पानांतले तांबे पहिल्या खेपेस त्याच्या हाती पुरेसे लागत नाही. तो आपली विष्ठा पुन्हा खातो. दरम्यान सूक्ष्मजीवांनी तिच्यावर काम केलेले असते, आणि आता तांबे मिळते. म्हणजे जो इतरांची घाण साफ करतो म्हणून आपण त्याला आणतो, त्याला आपली घाण लागतेच. ती त्याच्या लेखी घाण नाही.

यानंतर बेडूक येतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले नखाएवढे, झळझळीत रंगांचे विषारी बेडूक युरोप-अमेरिकेतले हौशी लोक घरी पाळू लागले. त्यांना घास लहान लागतो. फळमाश्या मुख्य, आणि जोडीला त्या बिननराच्या पांढऱ्या समपादांची पिल्ले. यातून एक विचित्र परिणाम दिसला. काचेत जन्मलेले बेडूक विषारी निघेनात. जॉन डेली आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखवले की त्यांच्या कातडीतली विषे आहारातून येतात. रानात ती बेडकाला मुंग्या आणि सूक्ष्म कोळी-किड्यांतून मिळतात. घरी फळमाश्या आणि समपाद खाणारा बेडूक निरुपद्रवी. आहाराने स्वभाव बदलतो हे आपल्याकडे सात्त्विक-राजस-तामस अशा भाषेत सांगतात. येथे ते कातडीवर मोजता आले.

बेडकाच्या पेटीत सोडलेल्या समपादांपैकी काही खाल्ले गेले नाहीत. ते मातीत शिरले, आणि पेटीतली बुरशी कमी झाली. येथे खाद्याचा सफाईवाला झाला. पुढे पाली-साप पाळणाऱ्यांनीही हे उचलले. ऑरिन मॅकमॉनिगल यांनी २०१३ मध्ये या जीवांच्या संगोपनावर पुस्तक काढले. त्याच्या शीर्षकातच दोन्ही कामे आहेत, 'क्लीन-अप क्रू' आणि 'लाइव्ह फीडर'.

या पहिल्या शब्दापाशी आम्ही अडलो. याला मराठीत काय म्हणावे? 'सफाई पथक' म्हणा, 'सफाई कामगार' म्हणा. शब्द तोंडातून निघाला की त्याच्या मागे एक पूर्ण समाजव्यवस्था उभी राहते. ज्या २०१३ मध्ये हे पुस्तक निघाले त्याच वर्षी आपल्या संसदेने हाताने मैला उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा नवा कायदा केला. १९९३ चा आधीचा कायदा पुरा पडला नव्हता. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. पण मराठी वाचक त्या दोन्ही एकाच भाषेत वाचतो. इंग्रजी वाक्प्रचारात जो खेळकरपणा आहे, चिमुकले कामकरी, रात्रपाळी, फुकटची स्वच्छता, तो मराठीत आणायला गेले की घशात अडकतो. कारण 'हे त्यांचे जन्मजात काम, त्यांना ते आवडतेच' हे वाक्य आपल्या समाजाने माणसांविषयी उच्चारलेले आहे. जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा भेद डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडला तो नेमका या वाक्याविरुद्ध.

कोणी म्हणेल, किड्याच्या बाबतीत तरी ते वाक्य खरे आहे ना? आमच्या मते तेथेही नाही. समपाद साफ करत नाही, जेवतो. पेटी स्वच्छ होते ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांत. गनच्या प्रयोगात जशी 'निवड' आपण बाहेरून घातली तशीच येथे 'सेवा'. आणि तो नेमून दिलेल्या सीमेतही राहत नाही: 'पोर्सेलिओ लीव्हिस'सारख्या भुकेल्या जाती फार माजल्या तर कात टाकणाऱ्या, अशक्त प्राण्याला कुरतडतात, असा अनुभव पाळणारे सांगतात आणि वाळलेली मासळी किंवा काकडीची चकती टाकत जा असा सल्ला देतात. म्हणजे सफाईवाल्याला निराळे जेवण द्यायचे, नाहीतर तो मालकाकडे वळेल. आम्ही शेवटी कोणताही शब्द निवडला नाही. या लेखात जेथे गरज पडली तेथे 'काम' असा साधा शब्द वापरला आहे, आणि एके ठिकाणी 'सफाईवाला' लिहून गेलो ते खोडलेले नाही. वाचकांनी ते आमच्या नावावर मांडावे.

याच्या नेमके उलट टोक गेल्या दहा वर्षांत दिसले. थायलंडच्या चुनखडीच्या टेकड्यांतून 'क्युबॅरिस' प्रजातीतले पिवळ्या तोंडाचे समपाद बाजारात आले. तोंडावरून त्यांना 'रबर डकी' म्हणतात. बेडकाला घालायचा जीव आता नगावर, बेडकाच्या भावाने विकला जाऊ लागला. यांतल्या कित्येकांना शास्त्रीय जातिनाम मिळण्याआधीच दुकानी नाव आणि किंमत मिळाली. अशी एखादी जात एकाच टेकडीपुरती असू शकते. तेथून गोणीभर पालापाचोळा उचलला की किती उरले हे मोजायला नावच नसते. लात्रेयच्या काळी आधी नाव मिळे, मग किंमत. तीही मिळालीच तर. आम्हांला हा बदल रांजणाखालच्या गाढवाच्या इतिहासातला सर्वांत गंभीर वाटतो, आणि त्यावर हौशी लोकांतच वाद आहेत ही त्यातली बरी बाजू. पेटीत जन्मलेलेच घ्यावेत, रानातले घेऊ नयेत, असे म्हणणारे त्यांच्यात पुष्कळ आहेत.

हे सर्व लिहिण्याआधी एक डबा घरी असावा असे वाटले. बेडूक आमच्याकडे नाही. कोणाला खाऊ घालण्याचा प्रश्न नव्हता. प्लास्टिकचा जेवणाच्या डब्याएवढा डबा, झाकणाला आणि बाजूंना सुईने पाडलेली भोके, तळाशी नारळाचा भुसा, वर आंब्याची आणि जांभळाची वाळलेली पाने, एक कुजके फाटे. गच्चीतल्या कुंडीखालचे बारा समपाद. डब्याच्या एका बाजूलाच पाणी शिंपडायचे, दुसरी कोरडी ठेवायची, कारण सगळीकडे ओल झाली की तेही मरतात. गनची पेटी आपोआपच तयार होते. फवारलेल्या झाडाची पाने चालत नाहीत. कवचासाठी चुना लागतो. परदेशी हौशी लोक त्यासाठी माकूळ माशाच्या पाठीतला पांढरा पाट वापरतात असे वाचले, आणि हसू आले: तो आपला समुद्रफेन. काष्ठौषधींच्या दुकानात लहान मुलांच्या कानासाठी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विकला जातो. दुकानदाराने कोणाच्या कानासाठी असे विचारले. आम्ही खरे सांगितले नाही.

दोन महिने काही घडले नाही, किंवा घडले ते आम्हांला दिसले नाही. एकदा एक समपाद दोन रंगांचा दिसला, पुढे करडा, मागे फिकट. तो कात टाकत होता. ते आधी मागचा अर्धा भाग टाकतात, एक-दोन दिवसांनी पुढचा, आणि टाकलेली कात खातात. गाजराची चकती रात्रीत जाळीदार होई. परवा समुद्रफेनाचा तुकडा उचलला तर खाली वीसेक पिल्ले, दुधाळ, खसखशीएवढी. भिंग आणून पाय मोजले. सहा जोड्या. पिल्लू पिशवीतून बाहेर येते तेव्हा इतकेच असतात, सातवी जोडी कात टाकल्यावर येते. तुकडा होता तसा परत ठेवला.